जुन्या एसयूव्हीचे सस्पेन्शन कमी खर्चात कसे सुधारावे

दहा-बारा वर्षे चाललेली एसयूव्ही वळणावर झुकू लागली, ब्रेक दाबताच नाक खाली घालू लागली किंवा बारीकशा खड्ड्यातही खडखडू लागली, की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी नवे शॉकअप येतात. ते बसवूनही खडखड पुष्कळदा तशीच राहते, कारण झिजलेले असते रबर. पैसे मोजून खर्च करायचे असतील, तर सगळे काम क्रमावर अवलंबून आहे: आधी टायर आणि बुश (सांध्यांत बसणारे रबरी तुकडे), मग शॉकअप, गरज असेल तरच स्प्रिंग आणि गाडीची उंची वाढवणे अगदी शेवटी.

एवढे ध्यानात ठेवा की गाडीचे वजन स्प्रिंग पेलते आणि स्प्रिंगचे वर-खाली होणे शॉकअप आवरतो. खाली बसलेली गाडी नव्या शॉकअपने वर येत नाही. डुलणाऱ्या गाडीला कडक स्प्रिंग घातली तर थकलेल्या शॉकअपवरचे काम वाढते आणि गाडी आणखी डुलते.

खरेदीच्या आधी एक सकाळ तपासणीला द्या

गाडी सपाट जागेवर उभी करा. टायरमधली हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे भरा. टायरच्या भिंतीवरचा चार अंकी आकडाही बघा. २३१६ असेल तर टायर २०१६ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते, आणि तो कडकपणा लोक सस्पेन्शनच्या माथी मारतात.

आता चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज आणि हवेचा फरक मिसळतो. डाव्या-उजव्यात १५ मिमीहून जास्त फरक निघाला तर कमी उंचीच्या बाजूची स्प्रिंग नीट बघा. कॉइल स्प्रिंग बहुधा तळच्या वेढ्यात तुटते, कारण तिथे चिखल साचतो आणि रंग उडून गंज चढतो. तुटका तुकडा बैठकीतच अडकून राहत असल्याने वरवर पाहता कळत नाही. ही चार मापे जपून ठेवा, बोल्ट आवळताना पुन्हा लागतील.

पुढचे चाक जॅकवर उचलून, चॅसीखाली स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (सैल हालचाल) जाणवला तर तो बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक यांच्यामधल्या गोल सांध्याचा) की बेअरिंगचा, हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा आर्मच्या (चाक चॅसीला जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचा. लोअर आर्मवर स्प्रिंगचा भार येत असेल, तर जॅक आर्मखाली लावूनच बॉल जॉइंट तपासा. आर्म लटकता असताना जॉइंट ताणलेला असतो आणि प्ले लपून राहतो. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर हालचाल दिसली तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक) बघा. बुश तपासायला लांब टॉमी (लोखंडी सळई) लागते. आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये ती घालून हळूच रेटा. रबर लोखंडापासून सुटलेले असेल तर फट उघडताना दिसते.

शॉकअपवर तेलाचा हलका ओलसर थर असला तर घाबरू नका. तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल बसला असेल, तर तो संपला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते हे बघण्याची रीत जड एसयूव्हीला फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा खडबडीत रस्त्यावर पंधरा मिनिटे गाडी चालवा आणि एक्झॉस्टपासून दूर राहून हाताचा उलटा भाग चारही शॉकअपना जपून लावा. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम लागतो. जोडीतला एकच थंड असेल तर तो नुसता लटकलेला आहे. टायरच्या कडेला हात फिरवल्यावर ठरावीक अंतराने खळगे जाणवत असतील, तर तीही थकलेल्या शॉकअपची खूण आहे.

पैसा कुठे घालावा

स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांड्याचे) बुश आणि लिंक सगळ्यात स्वस्त असतात, आणि बारीक खडखड बहुतेक वेळा तिथूनच येते. सुरुवात इथून करा. त्यानंतर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. दोन्ही झिजले असतील तर बुशसकट अख्खा आर्म घेणे परवडते. फक्त बुश गेले असतील तर आर्म काढून प्रेसवर नवे बुश बसवून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बुशची बाहेरची नळी वाकडी होते.

पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असतात, पण सगळीकडे घालू नयेत. स्टॅबिलायझर बार आणि पाट्यांच्या (एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलला, म्हणजे पाटे चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याला, ते चांगले. पाठीमागच्या सरळ अ‍ॅक्सलच्या ट्रेलिंग आर्मला मात्र एकाच वेळी दोन-तीन दिशांना वळावे लागते. तिथे कडक बुश घातला तर हालचाल अडते आणि ताण ब्रॅकेटवर जातो. पॉली बुशला सिलिकॉन ग्रीस लावा. ते न लावल्यास काही दिवसांत कुरकुर सुरू होते. साध्या रबराच्या बुशला मशीनचे ग्रीस लावू नका, रबर फुगते. बसवताना साबणाचे पाणी पुरते.

शॉकअपमध्ये रोजच्या वापराला ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा), गॅस भरलेला, मूळ मापाचा शॉकअप पुरेसा आहे. मोनोट्यूब (एकाच नळीचा) उष्णता लवकर टाकतो, पण महाग असतो, आणि नळीवर दगडाने पोचा पडला तर पिस्टन अडकतो. फिरवून कडकपणा कमी-जास्त करता येणाऱ्या शॉकअपचे पैसे बुशवर घालावेत. शॉकअप नेहमी जोडीने बदला. सोबत बंप स्टॉप (चाक पूर्ण वर आल्यावर धक्का झेलणारे रबर) आणि धुळीचा बूट नवा घ्या. भुगा झालेला बंप स्टॉप तसाच ठेवला तर मोठ्या खड्ड्यात नवा शॉकअप आतून आपटतो.

जुन्या बाजारातून आर्मचे लोखंड, स्टॅबिलायझर बार, ब्रॅकेट खुशाल घ्या. शॉकअप, बॉल जॉइंट आणि बुश कधीही वापरलेले घेऊ नका.

स्प्रिंग दबून खाली बसली असेल तर त्याच मॉडेलच्या जड प्रकाराची स्प्रिंग चालते का, हे पार्ट नंबरवरून बघा. एकाच गाडीत पेट्रोल आणि डिझेल अशी दोन्ही इंजिने येत असतील, तर डिझेलच्या पुढच्या स्प्रिंग बहुधा अधिक ताकदीच्या असतात. रंगाच्या खुणेवरून त्या ओळखता येतात. कायम ओझे असेल तरच असा बदल करा. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असेल आणि गाडी खाली बसली असेल, तर अ‍ॅडजस्टिंग बोल्ट फिरवून मूळ उंची जवळजवळ फुकटात परत मिळते. फिरवण्याआधी बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा आणि चाक उचलून बारवरचा भार कमी करा. मूळ उंचीच्या वर मात्र नेऊ नका. बार कडक होत नाही, चाकाला खाली जायला जागा तेवढी कमी होते.

बसवण्याचे काम

तीन टनी जॅक, दोन जोड्या स्टँड, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) आणि गंज सोडवणारे तेल एवढे हवे. तेल आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टवर मारून ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

मागचा शॉकअप काढण्याआधी अ‍ॅक्सलला खालून जॅकचा आधार द्या. अनेक गाड्यांत अ‍ॅक्सल किती खाली जाईल हे शॉकअपच ठरवतो. तो सुटला की अ‍ॅक्सल खाली पडून ब्रेकच्या रबरी पाइपवर लटकतो. नवा ट्विन-ट्यूब शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा, म्हणजे वाटेत आडवा पडून आत शिरलेली हवा वर निघते. नट आवळताना दांडा फिरू लागला तर त्याला प्लायरने धरू नका. चकचकीत दांड्यावर उमटलेला ओरखडा प्रत्येक हेलकाव्याला सील कापतो आणि शॉकअप लवकरच गळू लागतो. दांड्याच्या टोकाला धरण्यासाठी खाच किंवा चपटा भाग असतो, तिथेच पाना लावा.

पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) असेल तर स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय मधला नट सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. इथे काटकसरीचा चांगला मार्ग आहे: स्ट्रट गाडीतून स्वतः काढा आणि फक्त स्प्रिंग उतरवून नव्यावर चढवण्याचे काम प्रेस असलेल्या गॅरेजला द्या. मजुरीचा मोठा भाग वाचतो.

आता ज्याला एक पैसाही लागत नाही आणि ज्यावर सगळे टिकणे अवलंबून आहे, ते काम. रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म हलतो तेव्हा बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पकडली जाते आणि त्या क्षणीची स्थिती ही रबराची विसाव्याची स्थिती होते. चाक लटकत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यापासून ते रबर कायम पिळलेले राहते. गाडी ताठ वाटते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. मग दोष दुकानदाराला दिला जातो. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने टेकवा, गाडी रॅम्पवर चढवा किंवा चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, आणि सुरुवातीला मोजलेले अंतर आले की मगच टॉर्क रेंचने आवळा. स्प्रिंग बदलली असेल तर जुने माप धरू नका, नव्या उंचीवरच आवळा. किती आवळायचे ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

मागे पाटे असतील तर

नवा सेट घेण्याआधी जुना उघडून बघा. पाट्यांमध्ये गंज साचला की ते एकमेकांवर सरकत नाहीत आणि गाडी लाकडी फळीसारखी आदळते. पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासा, भेगा तपासा आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधा. सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट) उघडताना सेट शिकंजात धरा, नाहीतर पाटे झटक्याने उघडतात. सेंटर बोल्ट आणि पाटे खालच्या धुऱ्याला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा नीट पकड देत नाही. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेता येते, पण ती काही काळाने परत उतरते. एक जादा पाटा घालणार असाल तर लांब घ्या. आखूड पाटा भार एकाच जागी देतो आणि वरचा पाटा तिथेच तुटतो.

उंची वाढवायचीच असेल तर

५० मिमीवर थांबा. त्यापुढे ब्रेकचे पाइप, ड्राइव्ह शाफ्टचे कोन, पॅनहार्ड रॉड (मागचा धुरा आडवा सरकू न देणारा दांडा), कॅस्टर (पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) सगळ्यांचा खर्च मागे लागतो. स्ट्रटच्या वर बसणारा स्पेसर स्वस्त असतो, पण त्याने आर्म मूळ मर्यादेपेक्षा खाली जातो आणि बॉल जॉइंट ताणला जातो. कोणतीही उंची वाढवल्यावर चाके पूर्ण लटकवून ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, हे हाताने तपासा.

जुन्या अनेक एसयूव्हींत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला, ओझ्याप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. त्याची काडी वाढलेल्या उंचीप्रमाणे जुळवून घ्या. हे विसरले तर सस्पेन्शन सुधारते आणि ब्रेक बिघडतात.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइटचा कोन खाली आणा. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, आर्म आणि शॉकअपचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि चारही मापे परत घेऊन पहिल्या चिठ्ठीखाली लिहून ठेवा.