साउंडबार आणला, वायफाय बसवलं, तरी अडकतंयच? या चुका टाळा

“तबलजीचा हात समेवर पडतोय आणि ‘धा’ मागनं येतोय. बघ की जरा येऊन.”

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या एका काकांचा फोन. मुलानं दिवाळीला साउंडबार पाठवलेला, यांनी तो टीव्हीला ब्लूटूथनं जोडलेला. उभी हयात मिरजेच्या मैफली ऐकण्यात गेलेली, त्यामुळं गडबड पहिल्याच आवर्तनात कळली. दुसरा कुणी असता तर सहा महिने ‘काहीतरी विचित्र वाटतंय’ म्हणत बसला असता.

साउंडबार बिघडलेला नव्हता. ब्लूटूथनं आवाज जायचा म्हणजे तो आधी दाबून लहान करायचा, हवेतून धाडायचा आणि पलीकडं पुन्हा उलगडायचा. हे काम करणारा तो ‘कोडेक’. या सगळ्यात अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद जातात. नुसती गाणी ऐकताना ते जाणवत नाही, कारण ताडून बघायला समोर चित्र नसतं. खोक्यावर ‘एलडीएसी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बघून हुरळू नका. तो कोडेक आवाजाचा दर्जा वाढवतो, उशीर कमी करत नाही. शिवाय पाठवणारं आणि घेणारं अशा दोन्ही यंत्रांत तो असावा लागतो. एकात नसेल तर गाडी मुकाट्यानं दुसऱ्या कोडेकवर, बहुधा साध्या एसबीसीवर येते.

टीव्हीला साउंडबार जोडायचा तर केबलच लावा. यातही एक गंमत आहे. काकांच्या पुतण्यानं एचडीएमआय केबल लावून बघितली होती, “आवाजच येत नाही” म्हणून काढून टाकली. केबल चांगली होती, भोक चुकलं होतं. टीव्हीच्या मागं एचडीएमआयची तीन-चार पोर्ट असतात. ती सेट-टॉप बॉक्सकडून चित्र आणि आवाज आत घेतात. टीव्हीचा आवाज उलटा बाहेर सोडणारं पोर्ट बहुधा एकच असतं. त्यावर ‘एआरसी’ किंवा त्याचीच सुधारलेली आवृत्ती ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. एआरसीची सोय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. केबल त्याच पोर्टात घाला, मग सेटिंगमध्ये जाऊन आवाज टीव्हीच्या स्पीकरऐवजी बाहेर पाठवा आणि जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारं ‘सीईसी’ चालू करा. हे सीईसी शोधताना घाम फुटतो, कारण प्रत्येक कंपनीनं त्याचं वेगळंच बारसं केलंय: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.

केवळ ईएआरसी नाही म्हणून टीव्ही बदलू नका. ओटीटीवरचा, डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा भासवणारा डॉल्बी अ‍ॅटमॉस दाबलेल्या स्वरूपात येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो. ब्लू-रेवरचा न घटवलेला अ‍ॅटमॉस टीव्हीमार्फत ऐकणार असाल, तरच ईएआरसी लागतं. ऑप्टिकल केबलमधून मात्र अ‍ॅटमॉस जात नाही. आणि ती केबल लावणार असाल तर टोकावरची इवलीशी प्लॅस्टिकची टोपी आधी काढा. हसू नका, टोपीसकट केबल रेटणारे मी दोघं बघितलेत.

वॅटबद्दल एवढंच: ‘पीएमपीओ’ हा क्षणभराचा फुगवलेला आकडा वाचूच नका. ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. दुकानदार गप्प बसला तर पुढचं दुकान बघा.

चहा होतोय तोवर काकूंची तक्रार आली. माडीवर वायफाय पोचत नाही.

“राउटर कुठाय?”

“त्या कपाटात. धूळ बसते हो बाहेर.”

लोखंडी कपाट, दार लावलेलं आणि राउटरवर क्रोशाचा रुमाल. लोखंडातून रेडिओलहरी जवळजवळ बाहेर पडत नाहीत, आणि रुमालाखाली राउटर तापून निघत होता. त्यात वाड्याच्या भिंती हातभर जाड. राउटर वायफाय बहुधा दोन पट्ट्यांवर सोडतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण अशा भिंतीपुढं लगेच दमतो. २.४ चा सावकाश चालतो, पण लांब पोचतो. म्हणून माडीवरच्या फोनला २.४ दिला आणि टीव्ही ५ वर ठेवला. नवा स्मार्ट बल्ब किंवा प्लग जोडला जात नसेल तर हेच तपासा. बहुतेकांना फक्त २.४ कळतो.

वायफायचा सिग्नल पुढं पोचवणारा रिपीटर आणून तो रेंज नसलेल्या खोलीत लावणं ही तर घरोघरची चूक. त्यालाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढं काय देणार? राउटर आणि ती खोली यांच्या अधेमधे, जिन्याच्या वळणावर वगैरे लावा. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळं वेग साधारण निम्म्यावर येतो. जमत असेल तर लॅनची तार ओढा.

“पण रेंज फुल्ल दाखवतंय की!” हे तर रोजचं. त्या कांड्या फोन आणि राउटर यांच्यातल्या असतात, इंटरनेटच्या नव्हेत. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच तुटलाय. शंभरदा बंद-चालू करून उपयोग नाही. तार कुठं फार दुमडली गेलीय का ते बघा, नाहीतर कंपनीला फोन लावा.

आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला १२ एमबीच दाखवतंय म्हणून भांडायला जाऊ नका. प्लॅनवरचा इंग्रजी छोटा ‘बी’ म्हणजे बिट, डाउनलोडवरचा मोठा ‘बी’ म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. भागाकार करून बघा, बरोबर मिळतंय.

त्या दिवशी ‘धा’ समेवर आणून, राउटर कपाटावर ठेवून घरी आलो. परवा पुन्हा फोन. साउंडबारचा रिमोट चालेना. सेल बदलून झाले होते. गेलो तर क्रोशाचा रुमाल आता साउंडबारवर पांघरलेला, आणि त्याची झालर बरोबर सेन्सरवर.