दुकानाच्या कम्प्युटरसाठी मदरबोर्ड घेताय? या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात येतात आणि नेमके तेव्हाच मला फोन सुरू होतात. दिवाणजी पट्टी काढायला बसलेले, समोर शेतकरी ताटकळत उभा, आणि स्क्रीन काळी. दुरुस्तीची कामं करता करता एक गोष्ट मला पक्की कळली: यातल्या बऱ्याच मशीनचं दुखणं खरेदीच्या दिवशीच ठरलेलं असतं.

सगळ्यात मोठी फसगत एका शून्यानं होते. मदरबोर्डच्या, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाच्या, कोटेशनवर एच६१ आणि एच६१० ही नावं जवळजवळ सारखीच दिसतात. एच६१ हा इंटेलचा २०११ सालचा चिपसेट आहे, म्हणजे बोर्डावर कोणता प्रोसेसर चालणार हे ठरवणारी चिप. त्यावर डीडीआर३ रॅम आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर चालतात. एच६१० आला २०२२ मध्ये, बाराव्या पिढीसोबत. एच६१ चे 'नवे कोरे' बोर्ड आजही स्वस्तात मिळतात, पण त्यांवरचा चिपसेट बऱ्याचदा जुन्या बोर्डावरून काढून बसवलेला असतो. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला एवढे जुने प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. बँकिंग आणि जीएसटीचं काम ज्या मशीनवर होतं, तिथं हा बोर्ड घेऊच नका. कोटेशनवर चिपसेट, बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं लिहून मागा. नुसतं 'मदरबोर्ड, १ नग' लिहिलेलं चालवून घेऊ नका.

दुसरी चूक याच्या उलटी. प्रोसेसर तगडा आणि बोर्ड सगळ्यात हलका. आय५-१२४०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लागला की तो ११७ वॅटपर्यंत जातो. आय७-१२७०० तर १८० पर्यंत. प्रोसेसरभोवती वीजपुरवठ्याचे जे भाग असतात त्यांच्यावर हीटसिंक नसेल, तर आय७ लावल्यावर ते भाग तापतात आणि प्रोसेसर संथ होतो. बिलिंग आणि टॅलीला आय३-१२१०० आणि चांगल्या कंपनीचा साधा एच६१० बोर्ड पुरतो. उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यात, घाला. आणि नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर नको. बोर्डाच्या एचडीएमआयवर डिस्प्लेच येत नाही आणि बोर्ड उगाच खराब ठरतो.

आडत दुकानात आणखी एक गोष्ट विसरली जाते: वजनकाटा. बरेच इलेक्ट्रॉनिक काटे अजून सीरियल केबलवर चालतात. स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर लावला की वजन मध्येच यायचं थांबतं. बोर्डावर 'कॉम' हेडर, म्हणजे सीरियल पोर्टसाठीच्या पिना, आहे का ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा. असेल तर त्याला पोर्टची साधी धातूची पट्टी जोडून कॅबिनेटच्या मागं खराखुरा सीरियल पोर्ट मिळतो.

आता माझी स्वतःची चूक. एका पेढीत मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायचं. मी बोर्ड बदलला. महिन्याभरात पुन्हा तेच. दुसऱ्यांदा बोर्ड काढला तेव्हा मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं. ते २-३ व्होल्टच्या आत हवं, तिथं कितीतरी जास्त होतं. अर्थिंगची तारच खाली गंजून तुटली होती. वायरमनकडून अर्थिंग नवं करून घेतलं आणि जुनाच बोर्ड परत बसवला, तो आजही चालतोय. मालकांचा एका बोर्डाचा खर्च मात्र माझ्या घाईमुळं झाला, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आता पहिल्यांदा प्लग तपासतो, मग मशीन उघडतो.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, वेग वाढवणारी सेटिंग्ज दुकानाच्या मशीनवर बंदच ठेवा, रॅम जादा वेगानं चालवणारं एक्सएमपीसुद्धा. पण बायोस अपडेट टाळू नका, विशेषतः इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचे वरचे प्रोसेसर असतील तर. त्यांत जादा व्होल्टेजमुळं चिप झिजण्याचा दोष निघाला आणि इंटेलनं २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली, ती बायोसमधूनच येते. झालेली झीज मात्र तिनं भरून निघत नाही. अपडेट करताना यूपीएस हवाच. मध्येच लाईट गेली तर बोर्ड सुरूच होणार नाही.

डिस्प्ले येत नसेल तर लगेच नवा बोर्ड मागवू नका. वीज काढा, कॅबिनेट उघडा. हळदीची बारीक धूळ पंख्यात आणि रॅमच्या स्लॉटमध्ये चिकटून बसते; ब्लोअरनं साफ करा. एकच रॅम ठेवून दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून लावून पाहा. मग दुसरा एसएमपीएस जोडून पाहा. रोज सकाळी तारीख-वेळ मागं जात असेल आणि जीएसटी पोर्टल सुरक्षिततेची सूचना दाखवून उघडत नसेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.