‘काय दिसलं?’ या प्रश्नापाशी थांबा

स्वयंसेवक तरुणांची सेवाशिक्षणाची, म्हणजे सेवा करता करता त्या अनुभवातून शिकण्याची, सत्रं घ्यायला लागले, तेव्हा सुरुवातीला मी व्याख्यानाची तयारी करून जायचे. विषमतेची कारणं, तक्ते, आकडे सगळं सांगायचे. मुलं मन लावून टिपणंही काढायची. पण दिवसभर केलेलं काम आणि सत्रात ऐकलेलं यांची गाठ काही पडायची नाही. हे काम तुम्ही नव्याने हाती घेणार असाल, तर पहिल्या दिवसापासून बोलणं त्यांच्याकडे सोपवा.

अनुभवावर विचार करण्याची साधी चौकट अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये मांडली होती. काय झालं? त्याचा अर्थ काय? आता पुढे काय? हे तीन प्रश्न आजही जगभर वापरले जातात. अडचण पहिल्याच प्रश्नाला येते, कारण तरुण मुलं त्यावरून उडी मारून थेट अर्थावर पोहोचतात.

एक प्रसंग सांगते. वृद्धाश्रमात एका आजींना पुस्तक वाचून दाखवणारा मुलगा सत्रात म्हणाला, “आजी फार खूश झाल्या.” मी विचारलं, “तुला दिसलं काय?” त्या हसल्या, मान हलवली. मग? मग त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि उशीखाली सरकवलं. हे सांगताना तो स्वतःच अडखळला. मी काही बोलले नाही, गटही गप्प राहिला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “त्यांना वाचून हवं होतं का, हे मी विचारलंच नाही.” पुढच्या भेटीत त्याने विचारलं. आजींना वाचता येत होतं. हात थरथरायचा म्हणून त्यांना पत्र लिहून देणारं कुणीतरी हवं होतं.

‘सेवाशिक्षण’ ही संज्ञा रूढ करणाऱ्यांपैकी रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं असं, की सेवा कोणती हवी हे जिला ती मिळणार आहे त्या व्यक्तीने ठरवायचं. मी ते फळ्यावर लिहून दिलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं असतं. उशीखालच्या पुस्तकामुळे ते त्या गटातल्या प्रत्येकाला कळलं.

म्हणून मी रोजनिशीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगते. डावीकडे फक्त पाहिलेलं नि ऐकलेलं, उजवीकडे आपल्याला वाटलेलं. त्याच रात्री लिहायचं. दोन दिवस गेले की वाटलेलंच पाहिलं होतं असं वाटू लागतं. लोकांची खरी नावं वहीत नकोत आणि सत्रातही नकोत. याबाबत मी अजिबात सूट देत नाही.

गट दहा-बाराचा असावा, बसायचं गोलात. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजा. ही शांतता सुरुवातीला फार जड जाते, पण ती तुम्ही मोडली नाहीत तर कुणीतरी खरं बोलतं. कुणाला रडू आलं तर सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. सत्रानंतर एकटं गाठा. तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर कुणाकडे पाठवायचं, हे आधीच ठरलेलं हवं.

विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे केलेलं भाषणही मी वाचायला देते. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असं त्यांनी सुनावलं होतं. पण पहिल्या आठवड्यात ते देऊ नका. अनुभव गाठीशी नसताना मुलं नुसती दुखावतात. दीड-दोन महिन्यांनी दिलं तर चिडतात, भांडतात, आणि ती चर्चा वर्षातली सगळ्यात चांगली होते. त्या सत्राला यजमान संस्थेतल्या एखाद्या कार्यकर्त्यालाही बोलवा. नव्या स्वयंसेवकाला शिकवण्यात त्यांचा किती वेळ जातो, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

शेवटची दोन सत्रं निरोपासाठी राखून ठेवा. आपण कधी जाणार, हे मुलांनी तिथल्या लोकांना किमान पंधरा दिवस आधी सांगायचं आणि पुढे येणाऱ्यासाठी एक पान लिहून ठेवायचं. त्या मुलाने आपल्या पानावर लिहिलं होतं: “आजींची पत्रं बुधवारी. शाईचं पेन न्यावं. त्या सांगतील तसंच लिहावं, वाक्य सुधारू नये.”