एमक्यूटीटीचा मेसेज एएमक्यूपीला पोचत नाही? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री असो की चिकोडीकडचा ठिबकचा पंप, सेन्सर बसू लागलेत. सेन्सर एमक्यूटीटीवर बोलतो, ऑफिसातलं सॉफ्टवेअर एएमक्यूपीवर (दोन्ही मेसेज पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती), मधे रॅबिटएमक्यू हा ब्रोकर, म्हणजे दोघांमधला निरोप्या. मग फोन येतो, ‘मेसेज जातोय, पण मिळत नाही.’

सगळ्यात जास्त घात करते ती तिरपी रेघ. एका फाउंड्रीत सेन्सर ‘भट्टी/2/तापमान’ या टॉपिकवर, म्हणजे पत्त्यावर, पाठवत होता आणि पायथनवाल्या पोरानं आपली क्यू (मेसेज साठवायची रांग) बाइंड केली होती, म्हणजे जोडली होती, ‘भट्टी/2/#’ या कीनं; ‘#’ म्हणजे पुढे काहीही. क्यू रिकामी, लॉगमध्ये एक एरर नाही. पोरगा म्हणाला, “दादा, ब्रोकरच बिघडलाय, परत इन्स्टॉल करू काय?” म्हटलं, कशाला हात लावू नकोस, आधी बाइंडिंग वाचून दाखव.

रॅबिटएमक्यूचा एमक्यूटीटी प्लगइन (जोडभाग) टॉपिकमधल्या तिरप्या रेघेचं टिंब करतो आणि मेसेज ‘एएमक्यू.टॉपिक’ या एक्सचेंजवर, म्हणजे क्यूंना मेसेज वाटणाऱ्या नाक्यावर, टाकतो. म्हणजे की झाली ‘भट्टी.2.तापमान’. एएमक्यूपीला तिरपी रेघ हे नुसतं एक अक्षर, ती बाइंडिंग जन्मात जुळणार नव्हती. ‘भट्टी.2.#’ केल्याबरोबर आकडे सुरू झाले. पण कुठल्याच क्यूला न जुळलेला मेसेज ब्रोकर गुपचूप टाकून देतो. रात्रपाळीचे आकडे गेले ते गेलेच. भट्टीवाल्या मामांनी वहीत पेनानं लिहिलेले तेवढे उरले.

एमक्यूटीटीतला ‘+’ (पत्त्यातला कुठलाही एक शब्द) इकडे ‘*’ होतो, हेही ध्यानात ठेवा. सेन्सरच्या नावात टिंब घालूच नका, इकडे टिंबानं नावाचे तुकडे पडतात. एएमक्यूपीकडून उलट पाठवताना ‘एएमक्यू.टॉपिक’ऐवजी डीफॉल्ट एक्सचेंजवर टाकलं तर एमक्यूटीटीवाल्याला काही कळत नाही.

माझी सवय एकच. 15672 पोर्टवरचं मॅनेजमेंट पान उघडायचं, एक तात्पुरती क्यू ‘#’ लावून ‘एएमक्यू.टॉपिक’ला जोडायची आणि खरी राउटिंग की डोळ्यानं बघायची. दोन मिनिटांचं काम आहे. नवीन पोरांना तेवढाही धीर नसतो, आधी रीस्टार्ट मारतात. त्यानं दुखणं सापडत नाही, वर चालू असलेली कनेक्शनं तुटतात.

दुसरी चीड आणणारी चूक: एकच कोड सगळ्या बोर्डांवर चढवायचा, क्लायंट आयडीसकट (ब्रोकर ज्या नावानं बोर्ड ओळखतो ते). त्याच आयडीचा दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो, पहिला परत येऊन दुसऱ्याला. खानापूरच्या जंगलपट्ट्यात याचं खापर रेंजवर फोडतात. आयडीला बोर्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो) जोडा, संपलं.

ऊस वजनकाट्यावर शेतकऱ्यांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये येतात, पलीकडे प्रश्नचिन्हं दिसतात. एमक्यूटीटी 3.1.1 नुसते बाइट नेतं, मजकूर कशात लिहिलाय हे सांगत नाही. विंडोजवर जावा 17 किंवा जुनं असेल तर ते आपल्या मनानं वेगळंच एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) धरतं. वाचताना यूटीएफ-8 स्पष्ट लिहा.

रॅबिटएमक्यूसोबत येणारा ‘गेस्ट’ युजर मुळात फक्त त्याच मशीनवरून चालतो, बाहेरच्यांसाठी वेगळा करा. क्यूओएस 2 (मेसेज नेमका एकदाच पोचायची हमी) मागितला तरी रॅबिटएमक्यू 1 च (किमान एकदा) देतं, म्हणून एकच मेसेज दोनदा आला तर तो ओळखायची सोय ठेवा. आणि रिटेन केलेला (ब्रोकरनं टॉपिकसाठी जपून ठेवलेला शेवटचा) मेसेज मागाहून जोडलेल्या एएमक्यूपी क्यूला मिळत नाही. शेवटचा आकडा हवा असेल तर तो आपल्या डेटाबेसात ठेवा.