कोंबड्या खुराड्यात जाईनात? उन्हाळ्यात आधी खुराडं तपासा

दिवस मावळला, धारा निघाल्या, जनावरांना कडबा टाकून झाला, तरी कोंबड्या बाहेरच. दोन लिंबावर, तीन ट्रॉलीच्या फळीवर, एक गोठ्याच्या आढ्याला. चैत्र लागला की मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याच्या वस्त्यांवर हे हमखास दिसतं. मग घरातली पोरं बॅटरी घेऊन कोंबड्या धरायला पळतात आणि आपण म्हणतो, गावरान जात, खोडीलच असायची. कोंबडी मुळात झाडावर झोपणारा पक्षी आहे हे खरं. पण वर्षभर गुमान आत जाणारी कोंबडी एकाएकी बाहेर राहायला लागली, तर तिला आत काहीतरी सोसत नाही असं समजावं.

आधी बाहेर किती राहतात ते मोजा. एखादीच राहत असेल तर बाकीच्या तिला टोचून हाकलत असतील, नाहीतर कडब्याच्या गंजीत तिने चोरून अंडी घातली असतील आणि खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला, तिथंच बसली असेल. ती पंख पाडून, मान आखडून बसली असेल तर आजारी समजून वेगळी ठेवा. सगळ्याच बाहेर राहत असतील तर मात्र खुराड्यात शिरून बघावं लागेल, तेही रात्री. दिवसा काही सापडत नाही.

गेल्या वैशाखात माझ्या चौदापैकी तेरा कोंबड्या लिंबावर चढल्या. मी आठ दिवस त्यांना शिव्या घातल्या. तुरे पांढुरके पडलेले दिसत होते, ते उन्हाने असेल म्हणून सोडून दिलं. शेवटी रात्री दहाला बॅटरी घेऊन आत वाकलो. आत एकटी खुडूक कोंबडी अंड्यांवर होती आणि तिच्या मागच्या भिंतीच्या भेगेतून तुरीच्या डाळीएवढे चपटे, तपकिरी किडे उतरत होते. सकाळी कोंबड्या बसतात त्या बाभळीच्या दांड्याची साल स्क्रूड्रायव्हरने उचकटली, तर खाली त्यांची दाटी. काही रक्त पिऊन फुगलेले, निळसर. ही कोंबड्यांवरची गोचीड. जनावरांवरची गोचीड दिवसाही अंगावर दिसते, तशी ही दिसत नाही. रात्री येते, रक्त पिते आणि उजाडायच्या आत भेगेत जाते. हिची पिल्लं मात्र पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात, म्हणून पंख उचलून काळपट ठिपके बघावेत. आपल्या कोरड्या, तापत्या हवेत ती चांगलीच मानवते आणि उपाशीपोटी वर्षभराहून जास्त तग धरते. त्यामुळे खुराडं महिनाभर रिकामं ठेवून काही साधत नाही.

दुसरा चोर लाल कोळी. डाळिंबावरचा नव्हे, कोंबडीचं रक्त पिणारा. खसखशीएवढा असतो. रात्री पांढरं फडकं दांड्याच्या खालच्या बाजूने ओढा. लाल डाग उठले तर तो आहे. अंडी गोळा करताना आपल्याही हाताला खाज सुटते.

उपाय कष्टाचा आहे, पण लागू पडतो. कोंबड्या, अंडी, खाद्य, पाण्याची भांडी बाहेर काढा. तळाचा जुना भुसा आणि शीट खरवडून लांब टाका. दांडे काढून उकळतं पाणी ओता. सालीचा दांडा जाळूनच टाका. भेगा सिमेंटने बुजवा आणि वर चुना मारा. कीटकनाशक पशुवैद्यकाला विचारून, कोंबड्यांच्या खुराड्याला चालणारंच आणा. डाळिंबाच्या फवारणीतलं उरलंसुरलं औषध खुराड्यात मारू नका. आपल्याकडे हा मोह फार होतो. फवारा भेगांत बसला पाहिजे आणि वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नयेत. एका फवाऱ्यात किड्यांची अंडी मरत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावा लागतो. लिंबाच्या पाल्याच्या धुराने डास जातील, भेगेतली गोचीड नाही. कोंबडीला ताप, हिरवी हगवण, पायातली ताकद गेलेली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोचिडाने पसरणारा ताप आणि मानमोडी (राणीखेत) बाहेरून सारखेच दिसू शकतात.

गोचीड नाही मिळाली, तर छतावर हात ठेवा. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्रा अंधार पडल्यावरही तापलेलाच असतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्यांचा जाड थर टाका, बाहेरून चुना मारा, वरच्या अंगाला आरपार हवा जाईल अशी जाळी ठेवा. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मोठ्या भोकातून साप शिरतो. आत सापाची कात दिसली, अंडी गायब झाली, तर कोंबड्या का शिरत नाहीत ते कळलंच. सर्पमित्राला बोलवा.

उजेडाचंही बघा. कोंबडीला अंधारात दिसत नाही. खुराड्यात मिट्ट काळोख आणि अंगणात हॅलोजन, मग ती उजेडातच बसणार. दिवेलागणीला आत बारका बल्ब लावा, अंगणातला बंद ठेवा. कोंबड्या बसल्या की आतला घालवा.

दांडा दोन इंच रुंद, कडा घासलेला आणि अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवा. कोंबडीमागे वीतभर जागा धरा. गिरिराज, वनराजासारख्या जड कोंबड्यांना दोन फुटांच्या वर चढवू नका.

नव्या तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या असतील तर चार-पाच दिवस खुराड्यात डालून (कोंडून) ठेवाव्यात म्हणतात. थंडीत ठीक आहे. वैशाखात भर दुपारी पत्र्याच्या खुराड्यात डाललेल्या तलंगा संध्याकाळपर्यंत जिवंत राहतीलच असं नाही. दिवसा जाळीखाली सावलीत ठेवा, पाणी भरपूर द्या आणि ऊन उतरलं की आत न्या. जुन्यांना परत सवय लावायला संध्याकाळची मूठभर ज्वारी रोज खुराड्यातच टाका, अंगणात दाणाही नको.

हे सगळं वळवाच्या आधी उरका. गारा पडल्या की लिंबावरची कोंबडी अंधारात खाली उतरत नाही, तिथंच भिजत बसते. माझ्या दोन तशाच गेल्या. बाकीच्यांना दुसरा फवारा होईपर्यंत मी पडवीत डालग्याखाली ठेवलं. त्यांना आत जायला पुढे अकरा दिवस लागले.