एरर कोड हाताने उतरवू नका

औशाच्या किंवा जिंतूरच्या सेवा केंद्रात फॉर्मची मुदत संपत आलेली असताना कोड कागदावर उतरवला की ८ चा बी होतोच. त्यापेक्षा संगणकावर पॉवरटॉईज हे मायक्रोसॉफ्टचं विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर घाला. ते फुकट आहे. एरर समोर असताना विंडोज, शिफ्ट आणि टी एकदम दाबा. स्क्रीन अंधारते, मग कोडभोवती माऊसने चौकोन ओढायचा. मजकूर कॉपी झालेला असतो. मात्र एकदा नजर घालाच. अशा कोडमध्ये सुरुवातीचं ‘0x’ सोडलं तर ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच असतं, त्यामुळे ‘ओ’ दिसला तर तो शून्यच.

‘0x’ नंतर कोड ८००७ ने सुरू झाला, तर खरा अर्थ शेवटच्या चार अंकांत असतो. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून ००७० म्हणजे ७ × १६ = ११२. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, ‘net helpmsg 112’ टाईप केलं की डिस्कवर जागा नसल्याचं कळतं. ०००५ म्हणजे परवानगी नाकारली. २ईई७ म्हणजे सर्व्हरचा पत्ता सापडला नाही. तिथं आधी राउटर बघा, वीज जाऊन आल्यावर हे हमखास होतं.

विंडोजच बंद पडून निळी स्क्रीन आली, तर यातलं काहीच चालत नाही. तिथं मोबाईलची गूगल लेन्स धरा.