रांगेत मागे सरकणारे मूल : प्राथमिक शाळेतील खेळाचा तास कसा सुधारावा

प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षण सुधारायचे ठरले की चर्चा बहुधा साहित्याच्या यादीपासून सुरू होते आणि आंतरशालेय स्पर्धेच्या संघापाशी येऊन थांबते. त्या संघात निवडली जाणारी दहा-बारा मुले शाळेने काहीही केले नाही तरी खेळतच असतात. सुधारणेची गरज असते ती उरलेल्यांना, आणि म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मुलाला समोर ठेवून सांगितली आहे.

आधी एक साधा हिशेब करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांची आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल व्हायला हवी, म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटे. शाळेत आठवड्याला ४० मिनिटांच्या दोन तासिका असतील आणि मूल त्यात एक क्षणही थांबले नाही असे मानले, तरी ८० मिनिटेच भरतात. त्यामुळे तासिका सुधारणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. मधली सुट्टी आणि वर्गातला बसण्याचा वेळ यांनाही हात घालावा लागतो.

पहिली पायरी : घड्याळ लावून पाहणे

काहीही बदलण्यापूर्वी एका सहकाऱ्याला खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसवावे आणि एकाच मुलावर लक्ष ठेवायला सांगावे. हे मूल सर्वांत चपळ नसावे आणि सर्वांत खोडकरही नसावे. शिक्षकांच्या तोंडी ज्याचे नाव क्वचितच येते असे असावे. ते हालचाल करू लागले की स्टॉपवॉच सुरू करायचे, उभे राहिले की थांबवायचे. मुलाला अर्थातच याचा सुगावा लागू देऊ नये. वेगवेगळ्या वर्गांतील तीन-चार मुलांबाबत हे केले की शाळेची खरी स्थिती हाती येते.

वेळ कुठे जातो, हेही तेव्हाच दिसते. तीस मुले एका रांगेत उभी आहेत, चेंडू एकच आहे आणि प्रत्येकाला तो टोपलीत टाकायला २० सेकंद लागतात, असे धरले तर एका खेपेनंतर पुढची खेप येईपर्यंत मुलाला ९ मिनिटे ४० सेकंद ताटकळावे लागते. त्याच रांगेकडे जरा बारकाईने पाहिले तर एखादे मूल दर वेळी मागच्याला ‘तू जा’ म्हणत हळूच मागे सरकताना आढळते. घंटा होते, रांग मोडते आणि त्याची पाळी आलेलीच नसते. शिक्षकांच्या नोंदीत मात्र ते त्या दिवशी हजर आणि शिस्तीत असते.

दुसरी पायरी : तासिकेची मांडणी बदलणे

लांब रांग मोडून तीन किंवा चार मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला स्वतःचे साहित्य द्यावे. चेंडू कमी असतील तर जुने मोजे घट्ट गुंडाळून केलेले गोळेही फेकण्या-झेलण्याच्या सरावाला चालतात. सूचना एका दमात सांगण्याऐवजी खेळ सुरू करून द्यावा आणि मध्येच अर्धा-अर्धा मिनिट थांबवून एकेक गोष्ट सांगावी. गटनायकांनी एकेक भिडू निवडण्याची पद्धत पूर्ण बंद करावी, कारण शेवटी कोण उरणार हे सगळ्या वर्गाला आधीच ठाऊक असते. गट शिक्षकांनी आधी ठरवून आणावेत.

‘बाद झालेल्याने बाजूला बसावे’ हा नियम बदलण्यातून कदाचित सर्वाधिक फायदा होतो. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच मूल सर्वांत आधी बाद होते आणि सर्वांत जास्त वेळ बसते. त्याऐवजी बाद झालेल्याने पाच उड्या मारून परत यावे किंवा पकडणाऱ्यांच्या बाजूला सामील व्हावे. घरी खेळणारी मुले धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू करून खेळात ठेवतात. शाळेचे नियम निदान तेवढे तरी उदार असावेत.

शिकवायचे काय, हेही ठरवावे लागते. प्राथमिक वयात विशिष्ट खेळाच्या नियमांपेक्षा धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, फेकणे, झेलणे आणि तोल सांभाळणे ही मूलभूत कौशल्ये पक्की होणे महत्त्वाचे असते, आणि ती वयाबरोबर आपोआप येतात हा समज चुकीचा आहे. फेकण्याचे उदाहरण घ्यावे. उजव्या हाताने फेकताना बरीच मुले उजवाच पाय पुढे टाकतात, त्यामुळे कंबर वळत नाही आणि चेंडू दोन हातांवर पडतो. जमिनीवर खडूने एक पाऊल काढून ‘डावा पाय इथे’ एवढेच सांगितले तरी काही मिनिटांत फरक दिसू लागतो. झेलताना डोळे मिटून मान फिरवणाऱ्या मुलाला ‘घाबरू नको’ म्हणून उपयोग होत नाही. त्याला आधी फुगा द्यावा, मग मोठा मऊ चेंडू, मग एक टप्पा पडून येणारा चेंडू. जागा, काम, साहित्य आणि सोबतचे भिडू या चारांपैकी एक गोष्ट बदलली की बहुतेक मुलांना खेळात शिरता येते. अपंग मुलांबाबतही हाच मार्ग आहे. अशा मुलाला कायम गुण लिहायला बसवणे म्हणजे त्याला खेळात सामावून घेणे नव्हे.

तिसरी पायरी : मधली सुट्टी

मैदानाचा नकाशा काढून सुट्टीत कोण कुठे असते याच्या खुणा चार दिवस कराव्यात. बहुधा मोठ्या वर्गांतील काही मुले मधला सगळा भाग व्यापतात आणि बाकीचे भिंतीलगत उभे असतात. अशा वेळी रंगाने किंवा खडूने भाग आखून द्यावेत, चेंडूच्या खेळाला एकच भाग ठेवावा आणि दोऱ्या, रिंगा, लहान चेंडू यांची पेटी आळीपाळीने दोन मुलांच्या ताब्यात द्यावी. गृहपाठ केला नाही म्हणून सुट्टी कापू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्येच शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी सुट्टी काढून घेऊ नये, अशी भूमिका जाहीर केली आहे. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षाही बंद करावी, कारण धावणे ही शिक्षा असते हे मुले त्यातून पक्के शिकतात.

चौथी पायरी : रोजची पंधरा मिनिटे

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील सेंट निनियन्स प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी २०१२ मध्ये मुलांना रोज १५ मिनिटे वर्गाबाहेर नेऊन आपापल्या गतीने धावू किंवा चालू देण्यास सुरुवात केली आणि तो उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. त्यात कपडे बदलायचे नसतात, साहित्य लागत नाही आणि नंबर काढले जात नाहीत; म्हणूनच तो टिकतो. बाहेरच्या उजेडाचा आणखी एक लाभ आहे. चीनमधील ग्वांगझू येथील प्राथमिक शाळांत रोज ४० मिनिटे जादा मैदानी वेळ दिल्यावर तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी (दूरचे धूसर दिसणे) जडण्याचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

पाचवी पायरी : मनाची आणि शरीराची काळजी

सर्वांसमोर वजन करणे आणि चाचणीचे आकडे मोठ्याने वाचणे ताबडतोब थांबवावे. आकडा सांगायचाच असेल तर मुलाचा त्याच्याच मागच्या वेळेशी ताडून, एकट्याला सांगावा. दम्याच्या मुलाचा इनहेलर कार्यालयाच्या कपाटात नको, मैदानावर शिक्षकांच्या पिशवीत हवा. पाणी आणि स्वच्छतागृह यांचा विचारही येथेच करावा, कारण स्वच्छतागृह अस्वच्छ असेल तर मुले, विशेषतः मोठ्या वर्गांतील मुली, दिवसभर पाणीच टाळतात आणि मग खेळाच्या तासाला डोके दुखते म्हणून बसून राहतात. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, ही गोष्ट पालकसभेत सांगावी. पेंगुळलेल्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी तेवढी चौकशी व्हायला हवी.

सहावी पायरी : शिक्षक, आणि मग पैसा

बाहेरचा प्रशिक्षक नेमला तर वर्गशिक्षकांनी त्या वेळेत वह्या तपासायला जाऊ नये. पहिले काही तास सोबत उभे राहावे, पुढचे मिळून घ्यावेत आणि नंतरचे स्वतः घ्यावेत. नाहीतर प्रशिक्षकाबरोबर सगळे शिक्षणही शाळेबाहेर जाते. खरेदीची यादी एवढे झाल्यावरच करावी. ती बहुधा अपेक्षेपेक्षा लहान निघते आणि तिच्यात लहान, मऊ चेंडूंची संख्या सर्वाधिक असते.

आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा त्याच मुलांवर घड्याळ लावावे. वर्गाची सरासरी वाढली पण त्या तीन-चार मुलांची मिनिटे तेवढीच राहिली, तर मिळालेला जादा वेळ चपळ मुलांनीच घेतला असे समजावे आणि दुसऱ्या पायरीपासून गटांची रचना पुन्हा तपासावी.